उंच छताच्या खोलीसाठी कॉर्निस कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराच्या अंतर्गत सजावटीचं काम करताना भिंत आणि छत जिथे भेटतात त्या कोपऱ्याबद्दल मला जितके प्रश्न येतात, तितके फरशीबद्दलही येत नाहीत. विशेषतः अकरा, बारा, सोळा फूट उंचीच्या खोल्या असलेली माणसं फार गोंधळतात, कारण दुकानदार, पीओपीवाले आणि नातेवाईक असे तिघे तीन सल्ले देतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या कामातून आलेली आहेत. जिथे माझं मत ठाम आहे, तिथे ते तसंच लिहिलं आहे.

क्राउन मोल्डिंग, कॉर्निस, पीओपीची पट्टी, गलता: हे सगळं एकच का?

जवळपास. भिंतीच्या वरच्या कडेला, छताला लागून फिरणारी जी नक्षीदार किंवा साधी पट्टी असते तिला अमेरिकेत क्राउन मोल्डिंग म्हणतात. आपल्याकडे आर्किटेक्ट कॉर्निस म्हणतात आणि साइटवर सरळ ‘पट्टी’ म्हणतात. गलता म्हणजे आत वळलेला, अंतर्वक्र आकार आणि गोला म्हणजे बाहेर फुगलेला. जुने गवंडी ‘गोला-गलता’ असा जोडशब्द वापरतात आणि तो फार उपयोगाचा आहे, कारण कुठलीही कॉर्निस, ती कितीही राजेशाही दिसो, शेवटी गोला, गलता आणि त्यांच्यामधल्या सरळ पायऱ्या यांचीच मांडणी असते. कारागिराला इंटरनेटवरचं चित्र दाखवण्याआधी ‘खाली छोटा गोला, वर मोठा गलता, मध्ये अर्ध्या इंचाची पायरी’ असं सांगून बघा. त्याला ते लगेच कळतं.

छत किती फुटांपासून ‘उंच’ धरायचं?

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. आजच्या बहुतेक फ्लॅटमध्ये फरशीपासून छतापर्यंत साडेनऊ फुटांच्या आसपास मिळतात. या उंचीला तीन-चार इंची पट्टी पुरते आणि तिच्यात फार चुकायला जागा नसते. दहा फुटांच्या वर गेलं की विचार करावा लागतो. बारा फुटांच्या पुढे मात्र चुकीच्या मापाची पट्टी लावण्यापेक्षा काहीच न लावलेलं बरं दिसतं.

नेमकी किती मोठी घ्यायची?

माझा ठोकताळा असा: भिंतीच्या उंचीच्या अठराव्या ते विसाव्या भागाइतकी पट्टी भिंतीवर उतरावी. दहा फुटांच्या खोलीत हा आकडा सहा ते पावणेसात इंच येतो, बारा फुटांच्या खोलीत सव्वासात ते आठ, चौदा फुटांना साडेआठ ते सव्वानऊ आणि सोळा फुटांना साडेनऊ ते पावणेअकरा. खोली लहान असेल, म्हणजे दहा बाय दहाची असून छत बारा फुटांवर असेल, तर खालचा आकडा घ्या. दिवाणखाना मोठा असेल, तर वरचा.

हे आकडे ऐकून बहुतेक जण दचकतात. आठ इंच हातात धरून बघितले तर खरोखरच खूप वाटतात. पण ती पट्टी हातात राहणार नाही, डोक्यावर सहा-सात फूट वर जाणार आहे.

दुकानात भरदार वाटलेली पट्टी वर गेल्यावर दिसेनाशी का होते?

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. याचं उत्तर भूमितीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

समजा तुमचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर आहेत आणि तुम्ही भिंतीपासून दहा फूट लांब उभे आहात. छत दहा फुटांवर असेल, तर पट्टीकडे बघताना नजर साधारण सत्तावीस अंश वर जाते. छत सोळा फुटांवर असेल, तर नजर जवळजवळ अठ्ठेचाळीस अंश वर उचलावी लागते. यात दोन गोष्टी एकदम घडतात. पट्टी डोळ्यांपासून लांब जाते आणि तिचा भिंतीवरचा उभा भाग खालून तिरका दिसल्यामुळे आखडतो. दोन्हींचा हिशोब केला, तर दहा फुटांच्या खोलीतली पाच इंची उतरण जेवढी दिसते तेवढी दिसण्यासाठी सोळा फुटांच्या खोलीत जवळपास नऊ इंच लागतात.

पण छताच्या बाजूने खोलीत पुढे येणाऱ्या भागाचं उलट आहे. खालून बघताना तो आखडत नाही, उलट किंचित जास्तच दिसतो. म्हणून उंच खोलीत वाढवायची असते ती भिंतीवरची उतरण. छतावरचा फैलाव तेवढ्या प्रमाणात वाढवायची गरज नसते. कमी उंचीच्या खोलीत हे बरोबर उलटं करतात: पट्टी भिंतीवर कमी उतरवायची आणि छतावर जास्त पसरवायची, म्हणजे भिंत बुटकी वाटत नाही.

दुकानदार ‘सात इंची’ म्हणतो ते माप कशाचं?

हे विचारल्याशिवाय एक फूटही विकत घेऊ नका. तयार लाकडी किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) पट्टी कोपऱ्यात तिरकी बसते आणि दुकानदार सांगतो ती बहुधा तिची सपाट रुंदी असते. दोनच प्रकार लक्षात ठेवा. पहिल्यात पट्टीची पाठ भिंतीशी ३८ अंशांचा कोन करते. अशी सात इंची पट्टी भिंतीवर साडेपाच इंच उतरते आणि छतावर सव्वाचार इंच पुढे येते. दुसऱ्यात कोन ४५ अंशांचा असतो आणि सात इंची पट्टी दोन्हीकडे पाच-पाच इंच बसते.

म्हणजे बारा फुटांच्या खोलीत आठ इंच उतरण हवी असेल, तर ३८ अंशांची पट्टीसुद्धा दहा इंच रुंद लागते. उंच खोलीसाठी मी जवळजवळ नेहमी ३८ अंशांचीच सुचवते. पॉलियुरेथेनच्या, म्हणजे कडक फोमच्या, पट्ट्यांच्या माहितीपत्रकात भिंतीवरची उंची आणि छतावरचा फैलाव ही मापं वेगवेगळी दिलेली असतात, त्यामुळे तिथे हा घोळ कमी होतो.

इतकी रुंद पट्टी बाजारात मिळालीच नाही तर?

दोन-तीन पट्ट्या जोडून बनवा. छताला एक सपाट पट्टी, भिंतीला एक सपाट पट्टी आणि दोहोंच्या कोपऱ्यात मध्यम आकाराची तिरकी पट्टी. पाच-सहा इंची तिरक्या पट्टीतून अशी दहा-अकरा इंचांची भरदार कॉर्निस तयार होते. आणखी एक स्वस्त युक्ती आहे. तिरक्या पट्टीच्या खाली दोन-तीन इंच भिंत मोकळी सोडा, तिच्याखाली एक बारीक गोल पट्टी फिरवा आणि मधली भिंत कॉर्निसच्याच रंगाने रंगवा. खालून बघणाऱ्याला ते सगळं मिळून एकच दिसतं. चौदा फुटांच्या वर मी हे बिनदिक्कत करते.

पीओपीत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे हव्या त्या आकाराचा फर्मा, म्हणजे पट्टीला आकार देणारा पत्रा, कापता येतो.

निवडण्याआधी खात्री कशी करायची?

पुठ्ठ्याने. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या आणि तीन-चार फूट लांबीचे तुकडे कापून खऱ्या मापाच्या उतरणीने आणि फैलावाने दुमडा. एक सहा इंची, एक आठ इंची, एक दहा इंची. पांढरा कागद चिकटवा आणि मास्किंग टेपने कोपऱ्यात लावून दोन दिवस राहू द्या. सकाळी चहा पिताना बघा, रात्री दिवे लावून बघा. जिथे बसता तिथून बघायला विसरू नका. बसल्यावर डोळे सव्वा फुटाने खाली येतात आणि सगळंच आणखी लांब जातं.

मी हे प्रत्येक घरात करायला लावते. ज्यांनी कंटाळा केला त्यांच्यापैकी एका घरात चौदा फुटांच्या हॉलला साडेचार इंची पट्टी लागली. छताला दोरी बांधल्यासारखं दिसत होतं. ती काढून पुन्हा करावी लागली, त्यात मजुरी दुप्पट गेली आणि भिंतीचं प्लास्टर उखडलं ते वेगळंच.

नक्षी कशी असावी: साधी की कोरीव?

उंच छताला बारीक नक्षी वाया जाते. माणसाची नजर साधारण एका कलेपर्यंतचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा, फरक ओळखते. पंधरा फुटांवरून हा फरक जेमतेम १.३ मिलिमीटर भरतो. पण ही नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढं कळण्याची सीमा झाली. पानाचा आकार पान म्हणून ओळखू यायला त्याच्या शिरा, कडा निदान पाच-सहा मिलिमीटरच्या हव्यात. अल्बममध्ये सुंदर दिसणाऱ्या नाजूक वेली वर गेल्यावर मळक्या खरबरीत पट्ट्यासारख्या दिसतात, हे याच कारणाने.

कॉर्निस आपल्याला दिसते ती तिच्या सावल्यांमुळे. पांढऱ्या पट्टीवर पांढऱ्याच रंगाचा गोला असतो. त्याच्या खाली सावलीची रेघ पडते म्हणून तो कळतो. म्हणून उंच खोलीत खोल खाचा, ठसठशीत पायऱ्या आणि मोठा गलता निवडा. दातेरी पट्टी आवडत असेल, तर दाते मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा खोल घ्या, निदान पाऊण इंच. उथळ दाते म्हणजे नुसत्या रेघा.

साधेपणाचा उत्तम नमुना बघायचा असेल, तर मुंबईतल्या १९३०-४०च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारतींचे जिने आणि प्रवेशद्वारं बघा. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या बाजूच्या या इमारती २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. तिथे पानंफुलं फार नाहीत. दोन-तीन सरळ पायऱ्या एकावर एक पुढे येतात, कोपऱ्यात गोलाई घेतात आणि तेवढ्यावर सगळं पेलतात. आजच्या घराला ही भाषा सहज शोभते आणि साध्या फर्म्याने करताही येते.

साहित्य कुठलं घ्यावं?

पीओपी ही आपल्याकडची पहिली निवड आणि बहुतेक वेळा योग्य निवड. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी निघून जातं आणि जी भुकटी उरते ती म्हणजे पीओपी. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीवरच्या जिप्सममुळे तिला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव मिळालं. आपल्याकडे जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं. या भुकटीत पाणी मिसळलं की ती काही मिनिटांत पुन्हा दगड होते आणि होताना आकसण्याऐवजी किंचित फुगते. त्यामुळे साच्याचे कानेकोपरे ती नेमके भरते. फर्म्याच्या कडा इतक्या लखलखीत उमटतात त्या याच गुणामुळे. शिवाय घट्ट झालेल्या जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा बांधलेलं पाणी असतं, आग लागली तर ते आधी वाफ होऊन जातं. म्हणून आगीच्या दृष्टीने हे साहित्य चांगलं. दोष दोन: वजन आणि पाण्याचं वावडं.

मोठी पीओपी कॉर्निस दोन प्रकारे होते. एक म्हणजे जागेवर ओढून: पत्र्याचा फर्मा लाकडी घोड्यावर, म्हणजे सरकत्या चौकटीवर, ठोकतात, भिंतीवर सरळ पट्टी मारून तिच्यावरून तो पुढे-मागे सरकवत थरावर थर चढवतात. दुसरा म्हणजे खाली साच्यात ओतून, काथ्या किंवा तंतू घालून मजबूत करून वर स्क्रूने बसवणं. आठ इंचांच्या वरच्या पट्टीला मला दुसरा प्रकार जास्त भरवशाचा वाटतो, कारण नुसत्या चिकटण्यावर एवढं वजन छताला लटकत ठेवणं योग्य नाही. जागेवर ओढायचीच असेल, तर मागची भिंत टाचून घ्या, रंगाचे थर खरवडून काढा, खिळे मारून तारेची जाळी बांधा.

पॉलियुरेथेन हलकं असतं, पाण्याने बिघडत नाही, कापायला सोपं जातं आणि उंचावर दोन माणसं आरामात बसवू शकतात. सोळा-अठरा फुटांवर काम असेल, तर मी याकडे झुकते. किंमत जास्त आहे, पण परांची लवकर उतरते. घेताना घनता बघा: नखाने दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर सोडून द्या.

थर्मोकोलच्या पट्ट्या घेऊ नका. कडा बोथट असतात, हात लागला की चेपतात आणि आगीत वितळून पेटतात. पीव्हीसीची चमक उंचावर दिव्याखाली लगेच उघडी पडते.

एमडीएफ कोरड्या प्रदेशात, छत्रपती संभाजीनगर, सोलापूरकडे, चालतं. कोकणात आणि मुंबईत ते पावसाळ्यात फुगतं. सागवान सुंदर, पण ते रंगवायचं नसेल तरच. पांढऱ्या रंगाखाली सागवान झाकणं मला पटत नाही. कुठलंही लाकूड लावण्याआधी मागच्या बाजूला वाळवीचं औषध आणि प्रायमर लावून घ्या. एकदा बसल्यावर तिथे हात पोचत नाही.

आमचा मजला शेवटचा आहे, वर गच्ची आहे. पीओपी लावावं का?

आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग. एक पूर्ण पावसाळा कोरडा गेलेला बघा, मग पीओपी. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. ऐकायला हे थोडं वाटतं, पण चार महिने ओल झिरपत राहिली की पट्टी आतून पोकळ होते, बाहेर पांढरी बुरशीसारखी खारट पूड येते आणि एखाद्या दिवशी तुकडा खाली येतो. चौदा फुटांवरून पडणारा पीओपीचा तुकडा जीवघेणा ठरू शकतो.

गच्चीखालच्या स्लॅबची दुसरी अडचण म्हणजे ऊन. स्लॅब दिवसा तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि भिंत तेवढी हलत नाही. कॉर्निस नेमकी त्या सांध्यावर दोघांना चिकटलेली असते, म्हणून तिच्यात आडवी बारीक चीर पडते. उपाय असा: पट्टी भिंतीला पक्की करा आणि छताशी दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून ती लवचीक ॲक्रिलिक सीलंटने भरा. पुट्टीने भरली, तर वर्षभरात पुन्हा चीर दिसेल.

छताखाली बीम आहे आणि तो भिंतीच्या पुढे आलाय. पट्टी कुठून न्यायची?

आपल्या आरसीसी इमारतींमधला हा रोजचा प्रश्न. नऊ इंचांचा बीम आणि त्याखाली सहा इंचांची भिंत, म्हणजे तीन इंचांची पायरी आलीच. परदेशी पुस्तकांत याचं उत्तर सापडत नाही.

उंच खोलीत पट्टी बीमच्या वर, छताच्या कोपऱ्यातच न्या. बीमच्या खाली पायरीत दुसरी बारीक पट्टी द्या आणि बीमचा उभा भाग कॉर्निसच्या रंगात रंगवा. मग बीम हा अडथळा न राहता कॉर्निसचाच रुंद पट्टा होतो. अट एकच: बाकीच्या तीन भिंतींवरही त्याच पातळीला ती बारीक पट्टी फिरवायची. दहा फुटांत हे जड वाटतं, बारा फुटांच्या पुढे मात्र खोली एकदम बांधेसूद दिसते.

बीम खोलीच्या मधून आडवा जात असेल, तर पट्टी त्याला वळसा घालून न्यावी लागते. प्रत्येक वळशाला चार कोपरे वाढतात, हे खर्च काढताना धरा.

एसी, पंखा आणि पडदे यांचं काय?

स्प्लिट एसी वरून हवा ओढतो. त्याच्या डोक्यावर किती जागा सोडायची ते माहितीपत्रकात असतं. ती जागा छतापासून मोजू नका, कॉर्निसच्या खालच्या कडेपासून मोजा. उंच खोलीत एसी तसाही सात-आठ फुटांवरच असायला हवा, त्यामुळे अडचण येत नाही.

उंच खोलीत पंखा लांब दांड्यावर येतो, पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर. कॉर्निसशी त्याचा संबंध सावलीपुरता: दिवा पंख्याच्या खाली असेल, तर पात्यांची सावली कॉर्निसवर फिरत राहते आणि डोळ्यांना त्रास होतो.

पडद्याचा रॉड कॉर्निसच्या खाली येतो. चौदा फूट लांब पडदे शिवायला जड जातात आणि धुवायला त्याहून जड, म्हणून खिडकीच्या वर सहा इंचांवर रॉड घेऊन वरची भिंत मोकळी सोडायला माझी हरकत नसते.

आमचा हॉल दोन मजली उंचीचा आहे, वरून पॅसेज दिसतो. वेगळी काळजी घ्यावी का?

घ्यावी. बंगल्यांमधल्या या हॉलमध्ये छत अठरा-वीस फुटांवर असतं आणि कॉर्निस एवढ्या वर एकटी पडते. हॉल भरलेला वाटायला मधल्या पातळीवरही एक आडवी रेघ लागते. वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या पातळीला, म्हणजे पॅसेजच्या कडेला जी जाडी दिसते तिच्याच रेषेत, चारी भिंतींवरून सहा-सात इंचांची सपाट पट्टी फिरवा. छताची कॉर्निस मग दहा-अकरा इंचांची पुरते.

लक्षात ठेवा, इथे लोक कॉर्निसकडे खालून बघतात तसे पॅसेजमधून समोरूनही बघतात. तिथून पट्टीच्या वरच्या बाजूची धूळ, आत टाकलेली एलईडी पट्टी, तिची वायर सगळं दिसतं. मधल्या पट्टीची वरची बाजू उतरती करा, धूळही कमी साचते.

कॉर्निसच्या आत दिवे लपवायचे आहेत. किती जागा सोडू?

छतापासून किमान सहा इंच, उंच हॉलमध्ये आठ ते दहा. जागा कमी असली, तर प्रकाश छतावर पसरण्याऐवजी कोपऱ्यात भगभगीत पट्टा दिसतो. पुढची कड एवढी उंच हवी की खोलीच्या समोरच्या टोकाला उभं राहून एलईडीचे ठिपके दिसू नयेत. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी डबी) आणि जोड शिडीवरून हाताला येतील असे ठेवा, कारण एलईडी आज ना उद्या जाणारच. अशा कॉर्निसवर नक्षी करू नका: मागून प्रकाश आला की पुढची बाजू काळवंडते आणि नक्षी दिसत नाही.

रंग छताचा द्यावा की भिंतीचा?

खोली फार उंच, विहिरीसारखी वाटत असेल, तर कॉर्निस छताच्या रंगात रंगवा. छत भिंतीवर उतरल्यासारखं वाटतं आणि उंची थोडी आवाक्यात येते. उंची आवडत असेल आणि ती वाढवायची असेल, तर कॉर्निसला भिंतीचा रंग द्या. तिसरा, वेगळाच रंग देऊन उठाव आणायचा मोह होतो. पण उंच खोलीत तो रंग वहीच्या समासासारखा दिसतो.

मॅट फिनिश घ्या. चकचकीत रंगात सावल्या मरतात आणि पीओपीवरचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो.

जुन्या घराची मूळ कॉर्निस आहे, पण रंगाच्या थरांनी बुजली आहे. काढून नवी लावू?

कृपया काढू नका. गिरगाव, दादर, फोर्ट, पुण्याचा कॅम्प, इथल्या जुन्या घरांत हाताने ओढलेल्या चुन्याच्या किंवा प्लास्टरच्या कॉर्निस अजून आहेत आणि तशा खोल, नेमक्या फर्म्याचं काम आज पैसे देऊनही सहज होत नाही.

आधी एका कोपऱ्यात हातभर भाग साफ करून बघा. जुना साधा डिस्टेंपर असेल, तर तो कोमट पाण्याने भिजवून, स्पंजने पुसून आणि बांबूच्या काडीने खाचा मोकळ्या करून निघतो. पाणी थोडं, धीर जास्त. ऑइल पेंट असेल, तर त्यासाठी लावायचं रिमूव्हर मिळतं; धातूचं खरवडणं चालवू नका, कडा जातात. फार जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून सुकी घासाघीस टाळा, मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

तुटलेला भाग पुन्हा करायचा असेल, तर शाबूत भागावरून सिलिकॉन रबराचा साचा घेता येतो. त्यात पीओपी ओतून हुबेहूब तुकडा मिळतो. एका जिन्यात आम्ही असा अडीच फुटांचा तुकडा बसवला. नवा कुठे सुरू होतो ते आज मलाही बोट ठेवून सांगता येत नाही, आणि त्या कामाचा मला फार आनंद आहे.

वाड्यात किंवा गोव्याच्या जुन्या घरात कॉर्निस चालेल का?

कडीपाटाच्या छताला नको. तिथे तुळया आणि कड्या याच छताची शोभा आहेत, त्यांची टोकं भिंतीत शिरतात तो सांधा उघडा राहायला हवा. त्या सांध्यावर पीओपी थापलं, तर ओल आणि वाळवी दोन्ही झाकली जातात आणि लक्षात येईपर्यंत लाकूड गेलेलं असतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, बहुधा लाकडी फळ्यांचं छत असतं. तिथे पट्टी लागली, तर लाकडाचीच आणि हवा खेळती राहील अशी.

किती रनिंग फूट लागेल, हे कसं काढायचं?

चारी भिंतींची लांबी मिळवा आणि त्यात दहा टक्के घाला. अठरा बाय चौदाच्या खोलीचा घेर चौसष्ट फूट, दहा टक्क्यांनी सत्तर. आठ फुटी पट्ट्या असतील, तर नऊ नग. नक्षीची पट्टी असेल, तर सांध्याला नक्षी जुळवण्यात जास्त तुकडे वाया जातात, तिथे पंधरा टक्के धरा. सगळे नग एकाच वेळी घ्या.

दर विचारताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: परांची दरात आहे का, कोपऱ्यांचे वेगळे पैसे आहेत का, जुनं काढण्याची आणि राडारोडा उचलण्याची मजुरी कोणाकडे, आणि सांध्यांवर शेवटचा हात कोण मारणार, पीओपीवाला की रंगारी. चौथ्या प्रश्नावरून मी सर्वांत जास्त भांडणं पाहिली आहेत.

कोपरे नीट जुळत नाहीत, काय करावं?

भिंती काटकोनात नसतात, जुन्या घरात तर कधीच नसतात. कापण्याआधी प्रत्येक कोपरा कोनमापकाने मोजा आणि मिळालेल्या कोनाच्या निम्म्यावर काप घ्या. लाकडी पट्टीला आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसरीचं टोक पहिलीच्या आकाराप्रमाणे करवतीने कोरून तिच्यावर बसवावं. पावसाळ्यात-उन्हाळ्यात लाकूड हललं तरी असा सांधा उघडत नाही.

काम कधी आणि कोणत्या क्रमाने करावं?

वायरिंग, एसीचे पाइप, पंख्याचे हूक आधी. मग कॉर्निस, मग पुट्टी आणि रंग. फरशीला पॉलिश सर्वांत शेवटी. पीओपीचं काम दिवाळीनंतर ते मे या काळात काढा. जुलैत केलेलं पीओपी वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं राहतं आणि घाईने रंगवलं की पापुद्रे सुटतात.

बारा फुटांच्या वर कारागिराला घडीच्या शिडीवर काम करू देऊ नका. चाकांची लोखंडी परांची भाड्याने मिळते. एका हाताने पट्टी आणि दुसऱ्या हाताने शिडी धरलेला माणूस सरळ रेषा काढू शकत नाही, आणि पडला तर त्याचं घर उघड्यावर येतं. ते भाडं तुम्ही द्या.

एवढ्या वरची धूळ आणि जळमटं कशी काढायची?

लांब दांड्याचा मऊ ब्रश, महिन्यातून एकदा, सुका. पीओपीवर ओलं फडकं फिरवू नका, डाग पडतात. कॉर्निस आणि छत यांच्यात फट राहिली असेल, तर पाली तिथे घर करतात, म्हणून सीलंट भरताना वरची कडही भरायला सांगा. कारागीर ती खालून दिसत नाही म्हणून सोडतात. परांची उतरवण्याआधी स्वतः वर चढून, नाहीतर फोनवर फोटो मागवून, ती कड तपासा.